यादीतलं सातवं कलम

सकाळी कामावर निघालेल्या धाकट्या मुलाला हरिहर टिपणिसांनी ओटीवर थांबवलं आणि सांगितलं, "आज पाहुणे येणार आहेत. सहाच्या आत घरी येऊ नकोस. आणि येशील तेव्हा मागच्या दाराने ये. सायकल विहिरीपलीकडे लाव."

आनंद वाकून पँटच्या पायाला क्लिप लावत होता. "शीलाच्या याद्या आजच आहेत ना?"

"म्हणूनच सांगतोय."

आनंदने मान हलवली, खाकी पिशवी खांद्याला अडकवली आणि तो गेला. हरिहरराव तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. भांडणारा मुलगा परवडतो. मुकाट्याने ऐकणाऱ्या मुलापुढे बापाला आपलंच बोलणं पुन्हा ऐकू येतं, आणि ते काही गोड नसतं.

कल्याणात टिपणीस म्हटलं की मोटार, हे समीकरण पंचवीस वर्षांचं होतं. हरिहररावांनी पहिली बस आणली तेव्हा तिला बघायला लोक जेवणं सोडून आले होते. एकाच्या तीन बसगाड्या झाल्या. घरातली मुलं पाळण्यात असल्यापासून इंजिनाचा आवाज ऐकून कोणती गाडी आली ते ओळखायची. थोरला सुधीर बरा ड्रायव्हर होता. पण आनंदचा हात काही औरच. चौदा वर्षांचा असताना त्याने पारनाक्याच्या गल्लीतून बस रिव्हर्समध्ये बाहेर काढली होती, भिंतीला हळद लावली असती तरी ती गाडीला लागली नसती. हरिहररावांनी त्याला तेव्हा वरवर दोन धपाटे घातले आणि पुढचा महिनाभर ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली.

मग चार वर्षांपूर्वी एस.टी. आली, मार्ग सरकारकडे गेले आणि बसगाड्या विकाव्या लागल्या. उरली एक जुनी फोर्ड. ती सुधीर लग्नामुंजींना भाड्याने न्यायचा. अशात आनंदला सरकारी मलेरिया खात्यात इन्स्पेक्टरची नोकरी लागली. हुकूम हातात पडला तेव्हा हरिहररावांनी तो वाचला खरा, पण मोटारीच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला कागदावरही आधी गाडीच दिसते. 'कामासाठी खात्याची जीप उपलब्ध राहील' एवढीच ओळ त्यांच्या डोक्यात शिरली. दुपारच्या आत त्यांनी पेढे वाटले. मुलगा काय करणार हे कोणाला सांगितलं नाही, कारण ते त्यांना तरी कुठे नीट ठाऊक होतं? "आनंद सरकारी जीपवर लागला," एवढंच सांगत सुटले.

सहाव्या आठवड्यात आनंद सायकलवरून घरी आला आणि त्यानंतर त्याला जीपवर कोणी पाहिलं नाही. "काय हरिहरराव, सरकारने जीपची दोन चाकं काढून घेतली वाटतं," असं कोणीतरी पारावर म्हणालं. त्याला आता तीन वर्षं झाली, पण ज्या ज्या दुकानात पेढ्याचा पुडा गेला होता, त्या त्या दुकानासमोरून जाताना हरिहररावांची चाल अजून वाढायची. सायकलविषयी ते आनंदशी एक शब्द बोलले नव्हते. रात्री पानावर आनंद आईला दिवसभरातलं काहीबाही सांगायचा आणि हे ताटात मान घालून भात कालवत बसायचे.

पाहुणे दुपारी तीनला आले. सुधीरने फोर्ड धुऊनपुसून स्टेशनवर नेली होती. ठाण्याच्या कोपरीतले प्रधान. मुलाचे वडील भालचंद्रपंत हे इतके शांत गृहस्थ, की जेवताना मीठ हवं असलं तरी आधी मोठ्या भावाकडे बघायचे. तो मोठा भाऊ म्हणजे त्र्यंबकराव, ठाण्याच्या कोर्टातले वकील. बोलणी त्यांनीच करायची, हे त्यांच्या घरात आणि आता इथेही सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. मुलगा मधुकर सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता; तो आज आला नव्हता. शीलाने त्याला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा दोघं गच्चीवर दहा मिनिटं बोलली, आणि त्यानंतर आठवडाभर ती भाकऱ्या भाजताना गुणगुणत होती. एरवी भाकऱ्या भाजताना ती फक्त कुरकुरायची. त्यामुळे हे लग्न व्हावं असं घरातल्या प्रत्येकाला, अगदी मनापासून, वाटत होतं.

चहा-पोहे झाले. सुधीरने दौत-लेखणी आणि हळदीची बोटं लावलेला कागद समोर ठेवला. याद्या म्हणजे काय, तर दोन्हीकडच्यांनी बसून लग्नात कोणी काय करायचं ते कलमवार लिहायचं आणि खाली सह्या करायच्या. कागद साधाच, पण त्यावर मोडलेली लग्नंही गावाने पाहिलेली होती. सहा कलमं सुरळीत पार पडली. वऱ्हाड किती, सीमांतपूजनाला कोण, विहिणीच्या पंगतीला कोणता गोड पदार्थ. सुधीर लिहीत होता आणि त्याचं अक्षर छान असल्याचं भालचंद्रपंत दोनदा म्हणाले.

"आता सातवं," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. "कानपिळीचा मान."

नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान मुलीच्या भावाचा. हरिहरराव सहज म्हणाले, "तो आनंदचा. शीलाच्या पाठीवरचा नसला तरी तिच्या लगतचा तोच. लहानपणापासून त्याने ठरवून ठेवलंय."

"तेच जरा बोलायचंय." त्र्यंबकरावांचा आवाज अगदी मऊ होता. कोर्टातही ते असेच बोलत असणार. "हे बघा हरिहरराव, आम्ही चौकशी केलेली आहे. चौकशी करणं आमचं कामच. तुमचे धाकटे चिरंजीव सायकलवर फिरतात. खेड्यापाड्यातून. खांद्याला पिशवी, अंगावर पावडर. आमच्या एका पक्षकाराने त्यांना कोणाच्या तरी गोठ्यातून बाहेर पडताना पाहिलं. आता, खात्याची जीप आहे. त्यांना गाडी येते. तरीही ते सायकल चालवतात, म्हणजे एक तर खात्याने जीप काढून घेतली, किंवा डोक्यात काही वेड आहे. आम्ही काही विचारत नाही. फक्त लग्नाला कोर्टातले चार लोक येतील, साहेब येतील. तेव्हा कानपिळी सुधीररावांनी करावी. आणि धाकट्यांनी लग्नाला यायचं झालं तर जीपमधून यावं, नाहीतर त्या दिवशी ड्यूटी आहे असं सांगावं. एवढंच लिहा. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

सुधीरची लेखणी कागदावर टेकलेली होती आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

हरिहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते त्र्यंबकरावांच्या बोलण्याने नव्हे. सकाळी त्यांनी स्वतः मुलाला जे सांगितलं होतं, तेच हा परका माणूस कलम करून लिहून मागत होता.

"मी जरा आत जाऊन येतो," ते म्हणाले.

सुधीर त्यांच्या मागोमाग माजघरात आला. "अण्णा, लिहून टाकू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आनंदला मी समजावतो, तो काही वाईट वाटून घेणार नाही."

"तो घेणार नाही, हे मलाही माहितीय."

"मग? सोयरीक चांगली आहे. मी सगळीकडे बोललेलो आहे. आता मोडली तर लोक मुलीतच काहीतरी खोट काढतील."

मुलांची आई सुहासिनीबाई दाराशी उभ्या होत्या. धाकट्यावर त्यांचा जीव, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सुधीर म्हणतो ते ऐका. आनंदला मी माझ्या हाताने वाढीन, त्याची माफी मागेन. पण शीलाचं होऊ द्या."

म्हणजे आनंदच्या बाजूने घरात कोणीच उरलं नाही. हरिहररावांनी त्याची बाजू तीन वर्षांत कधी घेतली नव्हती, त्यामुळे आता ती कुठून धरायची हेही त्यांना सुचेना. ते स्वयंपाकघरात गेले. शीला चहाच्या कपबशा विसळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ओटीवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येत नाही असं घर अजून बांधलं गेलेलं नाही.

"शीला, तुला विचारायला आलोय."

"विचारायला आलात की सांगायला?"

"विचारायला."

तिने बशी पालथी ठेवली. "लग्न मोडलं तर मला वाईट वाटेल, अण्णा. खूप वाटेल. खोटं कशाला सांगू? मला ते आवडलेत." तिने दुसरी बशी विसळायला घेतली. "पण आनंददादाला सकाळी तुम्ही विहिरीपलीकडे सायकल लावायला सांगितलीत ना, ते मी ऐकलं. तो हो म्हणून गेला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. माझ्या लग्नासाठी त्याला लपवायचं असेल, तर मी आयुष्यभर त्या घरी काय सांगू, की मला एकच भाऊ आहे?"

हरिहररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतकी शहाणी मुलगी आपल्या पोटी आली कुठून, असं त्यांच्या मनात आलं. ते ओटीवर परत गेले आणि मांडी घालून बसले.

"त्र्यंबकराव, हे कलम मी लिहिणार नाही."

"का बरं?"

"आनंदकडून जीप कोणी काढून घेतलेली नाही. आजही ती खात्याच्या आवारात उभी असते. पहिला महिना त्याने तीच नेली. मोहन्याच्या पलीकडे एक गाव आहे, पन्नाससाठ उंबऱ्यांचं. जीपची धूळ दिसली की गावातली सगळी दारं बंद. का, तर रेशनच्या दिवसांत लेव्हीचं भात सक्तीने उचलायला सरकारी माणसं जीपमधूनच यायची. लेव्ही संपली, तरी जीप दिसली की बाया आधी भाताच्या कणगीवर गोधडी टाकतात आणि आतून कडी लावतात. आणि हिवतापाची फवारणी घराच्या आत करायची असते, त्र्यंबकराव. भिंतीवर, आढ्याखाली, चुलीमागे, देव्हाऱ्यामागे. दारच उघडलं नाही तर मुंबईहून पावडरीची पिंपं येऊन उपयोग काय? दोनदा तो तसाच परत आला. तिसऱ्यांदा ऑफिसातल्या शिपायाची सायकल मागून घेतली आणि एकटा गेला."

सुहासिनीबाई सुपारीचं तबक घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"गावाच्या तोंडाशी सायकल पंक्चर झाली," हरिहरराव सांगत होते. "पंक्चर कुठे आहे ते बघायला पाणी लागतं. त्याने गंगुबाई म्हणून एका म्हातारीच्या दारात घमेलंभर पाणी मागितलं. पाण्याला कोण नाही म्हणतं? ती बघत बसली, हा ट्यूब बुडवत बसला. तिचा नातू तिथे लोळत होता. ह्याने त्याचं पोट दाबून पाहिलं. पोटातली पानथरी हिवतापाने एवढी वाढलेली, की हाताला लागत होती. गावातल्या दर दुसऱ्या पोराची तीच गत. मग म्हातारीला म्हणाला, मी फवारायला आलोय, भात मोजायला नाही. ती म्हणाली, 'गाडी आली का लपवायचं, ही आमची सवय. तू सायकल ढकलीत आलास, तुझ्यापासून काय लपवू?' दुसऱ्या दिवशी तिची कणगी, भांडी, देव, सगळं ह्याने स्वतः उचलून अंगणात ठेवलं आणि तिचं घर पहिलं फवारलं. गोठाही फवारला. तुमच्या पक्षकाराने पाहिलं ते बरोबर आहे, तो गोठ्यातही जातो. आज त्याच्याकडे एकतीस गावं आहेत. त्या पहिल्या गावात गेल्या पावसाळ्यानंतर एक पोर तापाने पडलेलं नाही."

ते थांबले. इतकं सगळं आपल्याला तोंडपाठ आहे, हे त्यांना स्वतःलाच आत्ता कळत होतं.

"मी मोटारवाला माणूस. गाडी बघून माणसाची किंमत करायची, ही माझी खोड. त्याच्या नोकरीचे पेढे मी जीपचे म्हणून वाटले, आणि सायकल दिसल्यावर तीन वर्षं तोंड लपवलं. आजसुद्धा त्याला मागच्या दाराने यायला मीच सांगितलंय. तेव्हा तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्ही माझंच बोलणं मला ऐकवलंत. पण तुमच्या तोंडून ऐकलं, तेव्हा सहन झालं नाही. सातव्या कलमात लिहायचं असेल तर एवढंच लिहा, कानपिळी आनंद हरिहर टिपणीस करील, आणि तो सायकलवरून येईल. हे जमत नसेल तर कागद इथेच राहू द्या. मुलीला मी विचारलेलं आहे."

त्र्यंबकरावांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. "मग आम्हाला विचार करावा लागेल," ते म्हणाले आणि उठायला लागले. आतून पाण्याचा आवाज येत होता तो थांबला.

"भाऊ, बसा," भालचंद्रपंत म्हणाले.

ते आवाज चढवून बोलले नव्हते. पण त्यांच्या भावाने हा शब्द त्यांच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ते खरंच बसले.

भालचंद्रपंतांनी सुधीरच्या हातातून लेखणी घेतली. "भाऊ, आजवर तुम्ही म्हणालात तसं मी केलं, आणि बहुतेक वेळा माझं भलंच झालं. पण ह्या गृहस्थांनी मुलाला खाली बघायला लावलं नाही, आणि त्यासाठी मुलीची सोयरीक पणाला लावली, तीही तिला विचारून. अशा घरातली मुलगी आपल्याकडे यायची असेल, तर मला ती हवीय. साहेबांना काय वाटायचं ते वाटू दे." त्यांनी शाईचा ठिपका चुकवून, अगदी किरट्या अक्षरात, सातवं कलम लिहिलं. 'कानपिळी : चि. आनंद.' मग वर बघून विचारलं, "सायकलचं लिहायलाच हवं का?"

"नको," हरिहरराव म्हणाले.

त्र्यंबकरावांनी कागद ओढून घेतला, एकदा वाचला आणि सही केली. वकील माणूस, शेवटचा शब्द दुसऱ्याला कसा देणार? "आमच्या कोपरीला खाडीचे डास रात्री माणसाला उचलून नेतात," ते म्हणाले. "व्याह्यांकडे येताना तुमच्या इन्स्पेक्टरना म्हणावं, पावडर घेऊन या. दार उघडं ठेवतो." सगळे हसले, त्यात सुटकेचा भाग मोठा होता. सुहासिनीबाईंनी साखर वाटली. नवऱ्यासमोर आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताटातून मान वर करत नव्हतात. सगळं ऐकत होतात होय?"

"कान काय बंद करता येतात?" हरिहरराव म्हणाले.

पाहुणे वहाणा घालत असताना मागच्या अंगणात सायकलची घंटी वाजली. कोणी काही सांगायच्या आत सुधीर बोळातून मागे गेला. आला तो सायकल स्वतः ढकलत, आणि मागून आनंद, केसांपासून बुटांपर्यंत पांढरा, बुचकळ्यात पडलेला. ज्या सुधीरने तासाभरापूर्वी हे कलम लिहून टाकू म्हटलं होतं, त्याने सायकल पायरीशी उभी केली आणि पाहुण्यांना म्हटलं, "हा माझा भाऊ. याला भेटल्याशिवाय जायचं नाही." भालचंद्रपंतांनी आनंदचा हात हातात घेतला. "मधूचा कान जरा बेतानं पिळा," ते म्हणाले. आनंदला काही कळलं नाही, तो नुसता हसला.

फोर्ड पाहुण्यांना घेऊन गेली. शीलाने भावाला हाताला धरून आत नेलं, आणि दिवसभर आवरलेलं रडू तिला स्वयंपाकघरात आलं. हरिहरराव पायरीवर एकटेच राहिले. जरा वेळाने त्यांनी सायकलचं मागचं चाक उचलून पॅडल फिरवलं. चेन सैल होती, दर फेऱ्याला कुठेतरी घासत होती. मोटारवाल्याच्या कानाला असा आवाज सोसत नाही. त्यांनी शेडमधून पाने आणि तेलाची बुधली आणली, सायकल उलटी केली आणि जमिनीवर बैठक मारली.

आनंद तोंड धुऊन बाहेर आला. "अण्णा, राहू द्या. उद्या दुकानात नेतो."

"उद्या कुठे जायचंय?"

"रायत्याच्या पलीकडे. दोन गावं आहेत."

"मग दुकानात कधी नेणार? तो तेरा नंबरचा पाना दे."

बापलेक मिळून काम करत राहिले. उजेड कमी होत आला होता. रस्त्याने फडक्यांचे नानासाहेब चालले होते, पेढ्यांच्या पहिल्या पुड्यातला पेढा त्यांनीच खाल्लेला. ते थांबले. हरिहररावांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे त्यांनी बघितलं आणि विचारलं, "काय हरिहरराव, मोटारी सोडून सायकलींचं काम सुरू केलंत की काय?"

"नाही हो," हरिहरराव नट आवळत म्हणाले, "ही एकच करतोय. घरची गाडी आहे."